अपुरं तिकीट

वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टानं शिकागोची पिस्तूलबंदी मोडीत काढली, ही बातमी आर्लेटा क्राउडरला टीव्हीवर कळली नाही. ती मागच्या अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होती आणि तिचा नवरा होझिया बनियनवरच, एका पायात चप्पल घालून धावत बाहेर आला.

"लेटा! सुटलो गं! अखेर सुटलो!"

"कशातनं सुटलास? आणि दुसरी चप्पल कुठाय?"

"चप्पल गेली उडत. कोर्टानं सांगितलं, माणसाला स्वतःच्या घरात पिस्तूल ठेवायचा हक्क आहे. शहराचं काही चालायचं नाही आता. सव्वीस वर्षं चोरासारखा राहिलो मी, सव्वीस वर्षं! का, तर बाईसाहेब एक पाकीट टपालात टाकायला विसरल्या."

शेवटचं वाक्य तो हसतच म्हणाला. हे तो नेहमी हसतच म्हणायचा. चर्चच्या जेवणांत, मुलीच्या लग्नात, शेजाऱ्यांसमोर, कुठंही. "एकतीस वर्षं मी या शहराची पत्रं वाटली, आणि माझ्या बायकोला एक पाकीट पेटीत टाकता आलं नाही!" लोक हसायचे. पाकिटात काय होतं ते मात्र तो कुणाला सांगायचा नाही. आर्लेटा सगळ्यांबरोबर हसायची आणि आणखी कुणाला मक्याचा ब्रेड हवाय का ते विचारायची.

पाकिटात होता पिस्तुलाच्या नोंदणीचा कागद. ब्याऐंशी साली शहरानं ठरवलं, की यापुढं नव्या पिस्तुलाची नोंद होणार नाही. ज्यांची आधीच झालीय त्यांनी ती दर दोन वर्षांनी पुन्हा करायची. एकदा चुकली की चुकली, दार कायमचं बंद. म्हणजे तुमचं पिस्तूल काढून घेतो असं म्हणायचं नाही, फक्त माणूस कधी विसरतोय याची वाट बघत बसायचं. सरकारी डोकं ते, दुसरं काय.

पिस्तूल होझियाच्या बापाचं होतं. मिसिसिपीत बाप ते मांडीवर घेऊन घरापुढच्या ओट्यावर बसायचा. गोऱ्यांची टोळकी गाड्या घेऊन यायची, आणि ओट्यावर माणूस बसलेला दिसला की न थांबता पुढं जायची. असल्या वस्तूची नोंद होझिया विसरणं शक्यच नव्हतं. पण चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये तो नेमका बर्फावरून घसरून, पाय प्लास्टरमध्ये घालून पलंगावर पडला होता. त्यानं पलंगावरच फॉर्म भरला, पाकिटावर वीस सेंटचं तिकीट चिकटवलं आणि बायकोच्या हातात दिलं. "आज पडलं पाहिजे हं, लेटा."

ती विसरली नव्हती.

त्याच हिवाळ्यात तिच्या बहिणीच्या नवऱ्यानं घरातल्याच पिस्तुलानं स्वतःला संपवलं होतं, आणि ती भिंत पुसायला आर्लेटाच गेली होती. कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीसमोर ती पाकीट हातात घेऊन उभी राहिली, बराच वेळ उभी राहिली, आणि मग पाकीट पर्समध्ये घालून घरी आली. तिचा हिशोब सरळ होता. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिवा असला तर हा माणूस थांबतो. मुदत टळली की स्वतःच उठेल आणि पिस्तूल पोलिसांत देऊन येईल.

कसलं काय! मुदत टळली आणि होझिया घाबरला. द्यायला जायचं म्हणजे कबूल करायचं, कबूल केलं की पोस्टातली नोकरी जाणार, पेन्शन जाणार. त्यानं ते बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात घातलं आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवला. तेव्हापासून मागच्या गल्लीत पोलिसांची गाडी शिरली की हा पडदा ओढायचा. नळ दुरुस्त करायला माणूस आला की झोपायच्या खोलीला कुलूप. चर्चमध्ये तो डीकन, म्हणजे पास्टरच्या हाताखालचा मानाचा सेवक; लोक त्याच्याकडं बोट दाखवून पोरांना सांगायचे, असं वागावं. आणि त्याच्या पोटात हा डबा. एका सरळ माणसाला तिनं लपवाछपवी करायला लावली होती. पाकीट पोचलंच नाही, तेव्हा ही विसरली असं त्यानंच धरलं आणि तिनं ते खोडलं नाही. पहिल्या वर्षी सांगायची भीती वाटली. पुढं त्यानं त्या गोष्टीचा विनोद करून टाकला, आणि लोक हसायला लागल्यावर मग सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

पाकीट तिनं फाडलं मात्र नाही. पोस्टमनची बायको शेवटी, पत्र फाडायला हात धजेना. पर्सा बदलत गेल्या, पाकीट तेच राहिलं.

आता कुणी म्हणेल, झालं ना मग, कोर्टानंच सोडवलं, म्हातारा मोकळा, म्हातारी मोकळी. तसंच झालं असतं, एप्रिल आडवा आला नसता तर.

एप्रिलमध्ये एका दुपारी आर्लेटा केस रंगवून, कुरळे करून पार्लरमधून परत आली. पुढच्या दाराचं कुलूप अडकत होतं म्हणून मागनं आली. स्वयंपाकघरात होझिया उभा, आणि पिस्तूल तिच्या छातीवर.

"कोण तू? नाव सांग."

"अरे, मी लेटा."

"लेटा आत झोपलीय. नाव सांग."

ती काय बोलली, किती वेळ बोलली, तिला आठवत नाही. शेवटी त्यानं डोळे मिचकावले, पिस्तूल खाली केलं आणि म्हणाला, "असले केस करून येत जाऊ नकोस बाई, माणूस ओळखायचा कसा!" त्यावर तो हसला. तीही हसली, आणि मग न्हाणीघरात जाऊन ओकली. तेव्हापासून त्याचं बाकीचंही दिसायला लागलं होतं. गॅस चालू राहायचा, चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा, गेलेल्या भावाला फोन लावायचा. तिनं हे मुलीला सांगितलं नाही, पास्टरना सांगितलं नाही. पिस्तूल उचलून परस्पर कुठं टाकून देणं सोपं होतं, पण ते तिला करायचं नव्हतं. एकदा त्याच्या पाठीमागं केलं होतं, त्याची फळं सव्वीस वर्षं बघत होती. यापुढं जे करायचं ते त्याला सांगून. तिला दोन गोष्टी हव्या होत्या. त्याच्या नावावरचा डाग जायला हवा होता, आणि ते घरातनं जायला हवं होतं. दोन्ही एकदम कसं जमवायचं ते काही सुचत नव्हतं.

शहर तरी गप्प बसणार होतं थोडंच! कोर्टानं दार उघडायला लावलं तर यांनी उंबऱ्यावर फर्निचर रचलं. चार दिवसांत नवे नियम. आधी माणसाचा परवाना, मग पिस्तुलाची वेगळी नोंद. परवान्यासाठी बोटांचे ठसे, डोळ्यांची तपासणी, चार तासांचा वर्ग आणि एक तास प्रत्यक्ष गोळ्या झाडायच्या. बरं, झाडायच्या कुठं? शहरात तर नेमबाजीच्या जागेला बंदी. मग जा हद्दीबाहेर. जुनी लपवलेली पिस्तुलं ज्यांच्याकडं असतील त्यांना नव्वद दिवसांची माफी.

"नव्वद दिवस!" होझिया रोज कॅलेंडरवर फुली मारत म्हणायचा. कधी एका दिवसाला दोनदा मारायचा.

तर जुलैच्या उकाड्यात सत्तरी उलटलेली ही बाई, गुडघे धरलेले, गाडी चालवत नवऱ्याला हद्दीपलीकडं वर्गाला घेऊन गेली. एका जुन्या बोलिंगच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या टाकल्या होत्या. शिकवायला बर्ल एडिंग्ज नावाचा तुरुंगातला निवृत्त पहारेकरी, पोट सुटलेला, आवाज घोगरा. समोर वीसेक माणसं, बहुतेक पिकलेली.

"नीट ऐका," बर्ल म्हणाला. "पिस्तूल घरात चालेल. घर म्हणजे काय? घर म्हणजे आतलं. ओटा घर नाही. गॅरेज घर नाही. जिना नाही, अंगण नाही. पिस्तूल घेऊन दाराबाहेर पाऊल टाकलंत की तुम्ही गुन्हेगार. कळलं?"

"डीकन क्राउडर," म्हणत होझियानं हात वर केला. "टपालपेटी कुठं असते?"

"अं? ओट्यावर."

"मग? पत्ता घराचा, पेटी ओट्यावर. पोस्टाच्या लेखी ओटा घरातच येतो. एकतीस वर्षं पत्रं वाटलीत मी, मला सांगू नका."

सगळे हसले. बर्लही हसला. "डीकन, पोस्टाचं पोस्टापाशी. शहर म्हणतं नाही."

"शहराचं काय ऐकता! माझा बाप ओट्यावरच बसायचा."

वीस मिनिटांनी होझियानं पुन्हा हात वर केला. "टपालपेटी कुठं असते?" लोकांना वाटलं, म्हातारा मजा करतोय, पुन्हा हसले. तिसऱ्या वेळी फक्त मागच्या रांगेतला एकजण हसला. आर्लेटा पर्सचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती.

मधल्या सुट्टीत ती बर्लला कॉफीच्या टेबलापाशी गाठून म्हणाली, "त्यांना नापास करा."

"काय म्हणता, मॅडम?"

"नापास करा. तुमच्या हातात आहे ते."

बर्लनं साखर ढवळायची थांबवली. "माझ्या हातात एवढंच आहे, की माणसाला भरता येतं का, नेम धरता येतो का, नियम माहीत आहेत का. बाकीचं फॉर्ममध्ये त्यांना स्वतःला विचारलंय. डोकं ठिकाणावर आहे का, औषधं कुठली. बायकोला कुणी विचारलेलं नाही." मग आवाज उतरवून म्हणाला, "त्यांनी कधी तुमच्यावर धरलंय का ते?"

खरं बोलायची हीच वेळ होती. पण कुणा परक्या माणसापुढं, कागदी पेल्यातली कॉफी पीत, एक्कावन्न वर्षं संसार केलेल्या नवऱ्याची अब्रू काढायची?

"छे," आर्लेटा म्हणाली. "होझिया? छे, छे."

दुपारी नेमबाजी झाली. काडेपेटी धरतानाही थरथरणारे त्याचे हात पिस्तुलावर मात्र दगडासारखे स्थिर झाले. आजचा सगळ्यात चांगला नेम डीकनचा, असं बर्लनं जाहीर केलं. परत येताना होझिया खिडकीतनं दिसेल त्याला प्रमाणपत्र दाखवत होता, सिग्नलवरच्या बसमधल्या माणसांनासुद्धा. आर्लेटाला रस्ता धूसर दिसायला लागला, तिनं गाडी बाजूला घेतली आणि उकाड्याला शिव्या दिल्या.

मग वाट बघणं सुरू झालं. परवाना टपालानं येणार, आणि टपाल म्हणजे होझियाचं राज्य. रोज अकराला तो इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचा. या लाइनची पत्रं मारिसेला टाकायची, तिशीतली, मेक्सिकन आईबापांची मुलगी, चालायला चटपटीत.

"पिशवी उजव्या खांद्यावर घे. पाठ जाईल," तो तिला रोज सांगायचा.

"गेलीच आहे, डीकन. आता पाय तेवढे राहिलेत."

"पायांना रात्री मीठ-पाणी."

"काल सांगितलंत."

"मग घेतलंस का?"

"नवऱ्याला घ्यायला लावलं. तोच जास्त दमतो, टीव्ही बघून."

सप्टेंबरच्या तिसऱ्या बुधवारी ती पायऱ्या चढता चढताच ओरडली, "डीकन, शहराकडनं आलंय काहीतरी! जाड आहे!"

आर्लेटा बाहेर जायला निघाली होती, पर्स हातात, किल्ल्या शोधत. तिला ओट्यावरनं त्याचा आनंदाचा हुंकार ऐकू आला. मग, "थांब पोरी, तुला दाखवतो. बापाचं आहे माझ्या. आता कुणाच्या बापाची भीती नाही!" मग खोलीत कपाटाचं दार वाजलं. मग पत्र्याचं झाकण. किल्ल्या टाकून ती धावली, गुडघ्यांनी धावू दिलं तेवढी. तोवर तो पुढच्या दारातनं बाहेर पडला होता.

कपाटापासून ओट्यापर्यंत पंधरा पावलं. तेवढ्यात त्याच्या डोक्यातनं सगळं निसटलं होतं.

"ही पिशवी कुणाची?" तो म्हणाला. आवाज कोरडा.

मारिसेला पुढच्या घराची पत्रं लावत होती. तिनं वर बघितलं. पिस्तूल तिच्या पोटावर होतं.

"डीकन? मी..."

"ही लाइन माझी आहे. लोकांची पत्रं चोरतेस? माझी पिशवी घेऊन? खाली ठेव."

रस्त्यावर कुणी नव्हतं. पण या रस्त्यावर दिवसातनं चारदा पोलिसांची गाडी फिरते. ती या क्षणी वळली तर? खिशात परवाना आहे का, ओटा घरात धरायचा की बाहेर, हे विचारायला कुणी खाली उतरणार नाही. काळा माणूस, हातात पिस्तूल, एवढंच त्यांना दिसेल. दारात उभ्या आर्लेटाला हे सगळं एका श्वासात समजलं.

"होझिया, घरात ये."

"घरातच आहे मी."

"हो. घरातच आहेस." ती पुढं झाली आणि मारिसेलाच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिली. नळीचं तोंड आता तिच्या पोटाशी होतं. दुसऱ्यांदा. नवल म्हणजे या वेळी तिला भीती वाटली नाही, फक्त फार दमल्यासारखं झालं. "पत्र तिनं नाही चोरलेलं. पत्र माझ्याकडं आहे."

"कुठलं पत्र?"

"हरवलेलं. नोंदणीचं. पोरीला जाऊ दे, मी देते तुला."

तिनं पर्स उघडली, आतल्या कप्प्याची चेन ओढली आणि पाकीट बाहेर काढलं. कडा मऊ झालेल्या, रंग चहासारखा. होझियानं डावा हात पुढं केला. पत्र पुढं आलं की हात जायचाच त्याचा. पण पत्र एका हातानं बघता येत नाही, उलटून बघावं लागतं. त्यानं पिस्तूल खुर्चीच्या गादीवर ठेवलं, चष्मा काढून ठेवावा तसं, आणि दोन्ही हातांनी पाकीट धरलं. तिकिटावरनं अंगठा फिरवला.

"शिक्का नाही."

"नाही."

"हे टपालात पडलेलंच नाही."

"नाही पडलं. मी विसरले नव्हते, होझिया. मी पेटीपाशी उभी राहिले आणि परत आणलं. मला ते घरात नको होतं. वाटलं, तू देऊन टाकशील. तू लपवलंस, आणि मग मला बोलताच आलं नाही. सव्वीस वर्षं तू हसलास आणि मी तुझ्याबरोबर हसले. आणि एप्रिलमध्ये तू ते माझ्यावर धरलंस. आज या पोरीवर."

"तुझ्या केसांमुळं..."

"केसांमुळं नाही रे."

मारिसेला पायरीवर बसली होती, तोंडावर हात धरून. होझिया कितीतरी वेळ पाकिटावरचं स्वतःचं अक्षर वाचत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू त्याचा झाला, आणि त्या चेहऱ्यावर जे आलं ते बघवेना. राग असता तर बरं झालं असतं.

मग तो वाकला आणि पाकीट मारिसेलापुढं धरलं. "पोरी, हे घेऊन जा. तिकीट कमी पडेल. पण पत्र एकदा पोस्टमनच्या हातात आलं की ते गेलंच पाहिजे."

तिनं ते पिशवीत टाकलं.

"आणि लेटा," तो गादीकडं बोट दाखवत म्हणाला, "ते आत ने. ओटा म्हणजे घर नाही."

आर्लेटानं पिस्तूल उचललं. आयुष्यात पहिल्यांदा हात लावला तिनं त्याला. "हे मी पोलिसांत देऊन येऊ का? तुला विचारून करतेय."

"विचारतेस?"

"विचारते."

तो खुर्चीत बसला. छातीच्या खिशातला नवा परवाना त्यानं चाचपून बघितला. "जा. पण पावती घे."

मारिसेलाला तिनं पाणी दिलं. "मिस आर्लेटा, मला हे वर कळवायला लागेल," ती म्हणाली. "कळव," आर्लेटा म्हणाली. "ते आत असेपर्यंत मी या पायऱ्या चढणार नाही," मारिसेला म्हणाली. "नको चढूस. संध्याकाळपर्यंत ते नसेल." पास्टरना फोन केला, ते गाडी घेऊन आले, आणि दोघं मिळून बिस्किटांचा डबा पोलीस ठाण्यात देऊन आली. दुसऱ्या दिवशी आर्लेटानं कोपऱ्यावर थांबून मारिसेलाला पावती दाखवली. परवाना आला, पिस्तूल गेलं. तिला हव्या होत्या त्या दोन्ही गोष्टी झाल्या होत्या, आणि आता घरात जाऊन जरा आडवं व्हावं एवढीच तिची इच्छा होती.

पण गुरुवारी सकाळी होझियानं कपाट उघडलं. "लेटा, डबा कुठाय? नोंदणीला जायचंय. नव्वद दिवस होत आले!"

तिनं त्याला बसवलं, पावती दाखवली आणि सगळं सांगितलं. पाकीट, पेटी, भिंत, एप्रिल, मारिसेला. तो रडला. शुक्रवारी त्यानं पुन्हा कपाट उघडलं. तिनं पुन्हा सांगितलं, आणि तो दिवसभर तिच्याशी बोलला नाही. शनिवारी बशी फोडली. रविवारी चर्चला जाताना म्हणाला, "ठीक आहे." सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. जी गोष्ट एकदा सांगायला सव्वीस वर्षं लागली ती आता रोज न्याहारीच्या आधी सांगायची. सोपं उत्तर हाताशी होतं, डबा दुरुस्तीला दिलाय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तिनं ते म्हटलं नाही. खोटं बोलून बघितलं होतं तिनं.

पुढच्या बुधवारी अकराला ती शेंगा निवडत होती आणि ओट्यावरनं हाक आली.

"लेटा! अगं, बाहेर ये! लवकर!"

ती हातातली परात टाकून धावली. होझिया एकटाच उभा होता, मारिसेला दोन घरं पुढं गेली होती. त्याच्या हातात ते पाकीट होतं. वर काळा गोल शिक्का, आणि शेजारी पाठवणाऱ्याकडं बोट दाखवणारा लाल हात: अपुरं तिकीट, परत.

"बघ!" त्याचे डोळे भरून आले होते. "बघ हे. नोंदणीचं पाकीट. परत आलंय. तिकीट कमी पडलं, मीच कमी लावलं! तू टाकलं होतंस गं. तू टाकलं होतंस, लेटा!"

"होझिया, बस जरा. ऐक."

"सव्वीस वर्षं! सगळ्या जगापुढं तुझी चेष्टा केली मी. मुलीच्या लग्नात केली. आणि तू एक शब्द बोलली नाहीस."

"मी टाकलं नव्हतं. ते मी ठेवून घेतलं होतं. गेल्या बुधवारी तूच मारिसेलाला दिलंस. शिक्क्यावरची तारीख बघ."

त्यानं पाकीट डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. "पुसट आहे," तो म्हणाला. तारीख पुसट नव्हती. "आणि तू मला वाचवायला बघतेस, कळतं मला. माणूस काहीही सांगेल, बाई. शिक्का खोटं सांगत नाही." त्यानं तिचा हात धरला, शेंगांच्या हिरव्या डागांचा. "मला माफ कर. करशील ना?"

सहा दिवसांत सहा वेळा तिनं खरं सांगितलं होतं, आणि हे सातवं. आठव्यांदा सांगायला तिनं तोंड उघडलं. त्यानं अजून तिचा हात सोडला नव्हता.

"केलं," आर्लेटा म्हणाली.

त्यानं डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि एकदम त्याचा तो जुना हसरा आवाज परत आला. "आता आणखी चोवीस सेंटची तिकिटं लाव आणि पुन्हा टाक. आणि बाईसाहेब, या वेळी विसरू नका!"

तिनं घरात जाऊन तिकिटं शोधली, जिभेनं ओली करून चिकटवली आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेली. निळी पेटी तीच होती, रंग नवा. तो ओट्यावर उभा राहून बघत होता. तिनं पाकीट आत टाकलं, झाकण लावलं, आणि पाकीट खरंच पडलं ना ते बघायला झाकण पुन्हा एकदा उघडलं.